महामार्गावरची ब्रेथ अ‍ॅनालायझर तपासणी: फुंकण्याआधीची पंधरा मिनिटे, फुंकल्यानंतरचे दोन तास

प्रश्न असा आहे: मुंबई–पुणे द्रुतगती मार्गासारख्या वर्दळीच्या रस्त्यावर पोलीस गाडी बाजूला घ्यायला लावून मशीनमध्ये फुंकायला सांगतात, तेव्हा नेमके काय मोजले जाते, तो आकडा चुकू शकतो का, आणि ही तपासणी कशी केली म्हणजे प्यायलेला सुटणार नाही आणि न प्यायलेला अडकणार नाही?

वाद नेहमी मशीनवर होतो. पण चांगल्या प्रतीचे मशीन सहसा दगा देत नाही. केस ढिली पडते ती फुंकण्याआधीची पंधरा मिनिटे कोणी पाळली नाहीत म्हणून, नाहीतर फुंकल्यानंतरचे दोन तास कोणी मोजले नाहीत म्हणून. ही दोन्ही माणसांची कामे आहेत, त्यामुळे उत्तराचा मोठा भाग त्यांच्यावरच जाईल.

आधी कायद्याची चौकट. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणे किंवा चालवू पाहणे हा गुन्हा आहे. 'जास्त' म्हणजे ३० च्या वर. मशीनवर बरोबर ३० आले तर गुन्हा होत नाही. फुंकायला लावण्याचा अधिकार कलम २०३ मधून येतो. गणवेशातला पोलीस किंवा परिवहन विभागाचा प्राधिकृत अधिकारी श्वासाचा नमुना मागू शकतो, पण चालक प्यायला असावा असा संशय घ्यायला वाजवी कारण हवे. सरसकट प्रत्येकाला थांबवून मशीन तोंडाशी धरणे आपल्या कायद्यात लिहिलेले नाही. ऑस्ट्रेलियात ते आहे: व्हिक्टोरियात १९७६ पासून आणि न्यू साउथ वेल्समध्ये डिसेंबर १९८२ पासून कोणालाही, कसलाही संशय नसताना फुंकायला लावता येते. सिडनीत राहणाऱ्या मराठी मंडळींना म्हणूनच इथली नाकाबंदी जरा वेगळी वाटते. आपल्याकडे गाडी थांबवून कागदपत्रे विचारायची, दोन वाक्ये बोलायची, वास, डोळे, जीभ जड होणे हे टिपायचे आणि मग चाचणी मागायची, हा क्रम पाळला पाहिजे. संशयाचे कारण डायरीत एका ओळीत लिहिले तरी पुरते. ती ओळ नसली की बचाव पक्षाचा पहिला प्रश्न तिथूनच येतो.

आता जागा. हा भाग कोणी विचारत नाही, पण महामार्गावर जीव याच चुकीने जातात. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर कापते. समोरचा धोका दिसून गाडी पूर्ण थांबेपर्यंत १८० मीटर लागतात, असे भारतीय रस्ते काँग्रेसचे मानक धरते, तेही चालक शुद्धीत असताना. म्हणून वळणाच्या पलीकडे, घाटाच्या उतारावर, बोगद्याच्या तोंडाशी किंवा उड्डाणपुलाच्या चढावामागे नाका लावायचा नाही. वेग आधीच कमी झालेला असतो ती जागा शोधायची: टोलनाका, महामार्गावरून उतरणारा रस्ता, ट्रक थांबण्याचा तळ. टोलनाक्यावरही बूथच्या तोंडाशी थांबवले तर फास्टॅगच्या रांगा मागे तुंबतात, आणि फार पुढे थांबवले तर तोवर गाड्यांनी वेग घेतलेला असतो. बूथ ओलांडल्यावर लगेच, डाव्या कडेला, रुंद जागेत.

आणखी एक गोष्ट डोळ्यांपुढे असूनही सुटते. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि गाडी डावीकडे थांबते. म्हणजे चालकाची खिडकी वाहत्या रहदारीच्या बाजूला येते, आणि मशीन घेऊन उभा राहणारा शिपाई नेमका धावत्या लेनच्या काठावर सापडतो. त्यामुळे शोल्डरवर, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर, गाडी थांबवून खिडकीतून तपासणी करू नये. ट्रॅफिक कोन मांडून एक पुरेसा खोल कप्पा आखायचा, गाडी त्यात पूर्ण आत घ्यायची, इंजिन बंद, किल्ली बाहेर, आणि चालकाला गाडीच्या डाव्या अंगाला आणून तिथे चाचणी घ्यायची. कप्प्याच्या मागच्या टोकाला पोलिसांची गाडी तिरकी, दिवे चालू ठेवून उभी असावी. बॅटन धरणाऱ्याच्या अंगावर रिफ्लेक्टिव्ह जॅकेट हवेच, आणि त्याने समोरून येणाऱ्या गाडीच्या सरळ रेषेत उभे राहू नये. रांग मागच्या सूचना फलकापर्यंत पोहोचली की सगळ्यांना सोडून द्यायचे. एखादा तळीराम हुकला तरी चालेल. रांगेच्या शेपटाला भरधाव ट्रक धडकणे परवडत नाही. नाका कुठे आहे हे थोड्याच वेळात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, म्हणून तासाभराने जागा बदललेली बरी.

पहिली चाळणी 'पॅसिव्ह' पद्धतीने होते. बऱ्याच मशीनमध्ये नळी न लावता तोंडापासून काही सेंटिमीटरवर धरून वास टिपण्याची सोय असते. तिथे फक्त हो किंवा नाही कळते. कारमध्ये शेजारी बसलेला प्यायला असेल, सीटवर बाटली सांडली असेल, चालकाने नुकताच डिओ मारला असेल, तरीही ते 'हो' म्हणते. त्यावर कारवाई करायची नसते. नळी लावून खरी चाचणी घ्यायची एवढाच त्याचा अर्थ.

यानंतर ती पंधरा मिनिटे. मशीन तोंडातली आणि फुप्फुसातली वाफ वेगळी ओळखत नाही. नुकताच घोट घेतला असेल, अल्कोहोल असलेल्या माउथवॉशने चूळ भरली असेल, तोंडाचा स्प्रे मारला असेल, ढेकर किंवा उलटी झाली असेल, तर तोंडातल्या अल्कोहोलमुळे आकडा कितीही वर जातो. हे अल्कोहोल पंधरा मिनिटांत उडून जाते. रक्तातले जात नाही. म्हणून चालकाने असे काही सांगितले, किंवा पहिला आकडा त्याच्या वागण्याशी विसंगत वाटला, तर साध्या पाण्याने चूळ भरू द्यायची, पंधरा मिनिटे नजरेसमोर बसवायचे, काही खाऊ-पिऊ किंवा ओढू द्यायचे नाही, आणि नव्या नळीने दुसरी चाचणी घ्यायची. कायदा 'एक किंवा अधिक' नमुने घेऊ देतो, त्यामुळे दुसऱ्या चाचणीला अडचण नाही.

आपल्याकडच्या काही खास गोष्टी इथेच येतात. दशमूलारिष्ट, द्राक्षासव यांसारख्या आसव-अरिष्टांत आंबवण्यातून तयार झालेले अल्कोहोल असते, आणि बाटलीवर ते लिहिलेले असते. औषधाच्या मात्रेने रक्तातला आकडा नगण्य वाढतो. ३० मिलिलिटरमध्ये १० टक्के धरले तरी ७० किलोच्या माणसाला जेमतेम ५ मिलिग्रॅम. पण घेतल्या घेतल्या फुंकले तर तोंडातल्या वाफेने मशीन दचकते. पिकून आंबायला लागलेल्या फणसाचेही तसेच. २०२५ मध्ये केरळच्या सरकारी बससेवेच्या पंदळम आगारात फणसाचे गरे खाल्लेल्या चालकांच्या चाचण्या चुकीच्या लागल्या होत्या. कोकणातल्या वाचकांना हे पटायला वेळ लागणार नाही. पान, मावा, तंबाखूने आकडा वाढत नाही, पण तोंडातला चोथा नळीत गेला की झडप अडते, म्हणून थुंकून चूळ भरायला लावायची. सिगारेट ओढता ओढता कोणी फुंकले तर धुराने सेन्सर खराब होतो. आणि पोलिसांसाठी एक सूचना: हाताला सॅनिटायझर लावून तो वाळण्याआधी नळी बसवू नका. तीही अल्कोहोलचीच वाफ आहे.

उलट्या बाजूच्या युक्त्या म्हणजे वेलची, कांदा, पुदिना, लिंबू, कॉफी, जिभेखाली नाणे. यांनी वास झाकला जाईल, आकडा तसूभरही हलत नाही, कारण हवा फुप्फुसाच्या तळातून येते. श्वास भराभर घेतला तर आकडा थोडा उतरतो. श्वास रोखून धरला तर उलट वाढतो, हे युक्ती शिकवणाऱ्यांना माहीत नसते.

प्रत्यक्ष फुंकणे असे. नळीचे पाकीट चालकासमोर फोडायचे, एका माणसाला एकच नळी. नळी बसवण्याआधी मशीन भोवतालची हवा तपासून शून्य दाखवते, त्याला एअर ब्लँक म्हणतात. शून्य आले नाही तर चाचणी घ्यायची नाही. आधीच्या माणसाचा आकडा खूप मोठा असेल तर सेन्सर सावरायला काही मिनिटे घेतो, तेवढे थांबायचे. चालकाने खोल श्वास घेऊन ओठ घट्ट मिटून एका दमात चार ते सहा सेकंद, एकसारखे फुंकायचे. साधारण सव्वा ते दीड लिटर हवा गेली की मशीन शेवटच्या भागातला छोटासा नमुना आत ओढते. गाल फुगवून फुंकल्याचे सोंग, जिभेने नळी दाबणे, मध्येच आत ओढणे, या सगळ्यांत मशीन 'अपुरा श्वास' असेच दाखवते. तीन वेळा असे झाले तर प्रत्येक प्रयत्नाची नोंद करून 'नमुना दिला नाही' असे धरता येते. मात्र दम्याच्या किंवा फुप्फुस कमजोर झालेल्या रुग्णाला दीड लिटर खरोखर फुंकता येत नाही. त्याला नकारात मोजू नका, सरळ रक्ततपासणीकडे न्या. तसेच मधुमेह्याची साखर उतरली की तो अगदी प्यायल्यासारखा बरळतो, घामाघूम होतो. आकडा शून्य आणि माणूस झोकांड्या खातो, हे दिसले तर ते पोलिसांचे काम नाही, रुग्णवाहिकेचे आहे.

आकडा वाचताना एकक पाहा. तेच प्रमाण एका मशीनवर ३० दिसेल, दुसऱ्यावर ०.०३०, तिसऱ्यावर ०.१४. पहिले १०० मिलिलिटर रक्तातले मिलिग्रॅम, दुसरे टक्के, तिसरे एक लिटर श्वासातले मिलिग्रॅम. मशीन मोजते श्वास, आणि एक मिलिलिटर रक्तात जितके अल्कोहोल तितकेच २१०० मिलिलिटर श्वासात पसरलेले असते असे धरून गुणाकार करते. हे प्रमाण माणसागणिक थोडे हलते. म्हणून ३१–३३ च्या आसपासच्या आकड्यावर एका फुंकरीत निकाल लावू नये. थोड्या वेळाने दुसरी चाचणी घ्यावी आणि रक्ताचा नमुनाही घ्यावा.

'एका पेगने काय होते' याचा हिशेब. भारतीय व्हिस्की ४२.८ टक्क्यांची. ६० मिलिलिटरच्या लार्ज पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ७० किलोच्या पुरुषाच्या रिकाम्या पोटी ते ४५ मिलिग्रॅमपर्यंत नेते, ५५ किलोच्या स्त्रीला ७० पर्यंत. स्मॉल पेग निम्मा, म्हणजे त्या पुरुषाला २२ च्या आसपास. ६५० मिलिलिटरची ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर ९० च्या घरात. ५ टक्क्यांची माइल्ड ५५ ओलांडते. जेवणासोबत घेतले तर शिखर खाली राहते, पण 'बिअर म्हणजे दारू नव्हे' या समजुतीला या आकड्यांत जागा नाही. शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम जाळते, संथ शरीर १०. क्वार्टर, म्हणजे १८० मिलिलिटर, त्याच पुरुषाला १३५ पर्यंत नेऊ शकते. पहिल्या घोटापासून ३० खाली यायला सात तास, संथ शरीराला साडेदहा. रात्री दहाला बसून पहाटे पाचला लोणावळ्याहून निघालेला माणूस झोप झाली म्हणून ताजातवाना असतो आणि तरीही मशीनवर पॉझिटिव्ह येऊ शकतो. अंघोळ, ताक, काळी कॉफी याने तासाचे १५ चे १६ होत नाहीत.

चांगल्या प्रतीच्या मशीनच्या आत फ्युएल सेल असतो. प्लॅटिनमच्या पत्र्यावर अल्कोहोल जळते आणि त्यातून निघालेला प्रवाह मोजला जातो. मधुमेह्याच्या श्वासातल्या अ‍ॅसिटोनला तो दाद देत नाही. ऑनलाइन मिळणारी स्वस्त सेमीकंडक्टर मशीन देते, म्हणून घरच्या खेळण्यावर शून्य आले म्हणून निघू नका आणि पन्नास आले म्हणून घाबरू नका. फ्युएल सेल कालांतराने सुस्तावतो, त्यामुळे उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत, बहुधा सहा महिन्यांनी, कॅलिब्रेशन, म्हणजे ठाऊक प्रमाणाशी आकडा जुळवून घेणे, लागते. ते दोन तऱ्हांनी होते. ३४ अंशांवर ठेवलेल्या अल्कोहोल-पाण्याच्या द्रावणातून वाफ सोडतात. ३४ यासाठी की श्वास त्याच तापमानाचा असतो, आणि एक अंश चुकला तर आकडा साडेसहा टक्के सरकतो. किंवा सिलिंडरमधला कोरडा वायू वापरतात. सिलिंडरचा आकडा हवेच्या दाबावर अवलंबून असतो. मुंबईचा हिशेब महाबळेश्वरला तसाच लावला तर १५ टक्क्यांच्या आसपास चूक शिरते. लोणावळ्यालाही सातेक टक्के. मे महिन्यात मशीन जीपच्या डॅशबोर्डवर ठेवणे हा तर सेन्सरचा सरळ छळ आहे.

आता दोन तास. आकडा वर आला किंवा चालकाने फुंकायला नकार दिला, तर कलम २०३ प्रमाणे वॉरंटशिवाय अटक करता येते. पण कलम १८५ मध्ये अटक झालेल्याची वैद्यकीय तपासणी अटकेपासून दोन तासांच्या आत झाली पाहिजे, नाहीतर त्याला सोडावे लागते. कलम २०२ चे परंतुक हेच सांगते. शहरात हे जमते. द्रुतगती मार्गावर यू-टर्न नाही, खालापूरचा फाटा हुकला तर बराच पुढे जाऊनच उतरता येते, आणि रविवारी संध्याकाळी घाट तुंबलेला असतो. म्हणून नाका लावण्यापूर्वीच ठरवायचे: रात्री ड्युटीवर डॉक्टर असलेले सरकारी रुग्णालय कोणते, ते कोणत्या दिशेला, आरोपीला नेणारी गाडी कोणती. अटकेची वेळ, मेडिकल यादी (तपासणीसाठी रुग्णालयाला द्यायचे पोलिसांचे पत्र) दिल्याची वेळ आणि डॉक्टरांनी तपासल्याची वेळ या तीन नोंदी एकमेकींशी जुळल्या पाहिजेत.

महिला चालक असेल आणि डॉक्टर पुरुष असेल, तर रक्त दुसऱ्या एखाद्या महिलेच्या उपस्थितीतच घ्यायचे; ती महिला डॉक्टरच असावी असे नाही. सूर्यास्तानंतर महिलेला अटक करण्यावर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे वेगळे निर्बंध आहेत: परिस्थिती अपवादात्मक हवी, अधिकारी महिला हवी, आणि दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी हवी. रात्रीच्या नाक्यावर महिला कर्मचारी नसणे ही आखणीतलीच चूक. अपघातातला चालक रुग्णालयात दाखल असेल तर आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरला कळवायचे. त्याने हरकत घेतली तर नमुना घेता येत नाही.

रक्त घेताना कातडी स्पिरिटने पुसली की नमुना वादात सापडतो. महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखालचे १९५९ चे नियम याबाबत आजही चांगली शिस्त सांगतात: ५ मिलिलिटर रक्त, निर्जंतुक पाण्याने पुसलेली त्वचा, कोणत्याही टप्प्यावर अल्कोहोलचा स्पर्श नाही, कुपीत गोठणे रोखणारे आणि टिकवणारे द्रव्य, सील, आणि सात दिवसांत रासायनिक विश्लेषकाकडे. टिकवणारे सोडियम फ्लोराइड नसेल तर कुपीतले जंतूच अल्कोहोल कमी-जास्त करतात. नुसत्या डॉक्टरी निरीक्षणावर विसंबू नये. १९७१ मध्ये महाराष्ट्रातल्याच बच्चूभाई करियानी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तोंडाचा वास, लडखडती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या आणि अडखळते बोलणे एवढ्यावरून दारू प्यायल्याचा निष्कर्ष काढता येत नाही, असे म्हटले होते. नकार देणाऱ्याला मात्र याचा फायदा मिळत नाही. वाजवी कारणाशिवाय दिलेला नकार कलम २०५ प्रमाणे त्याच्याच विरुद्ध पुराव्याला बळ देतो.

गाडीचे काय? शुद्धीतला, वैध लायसन्सचा सोबती असेल तर त्याच्या ताब्यात, त्याचीही फुंकर घेऊनच. नसेल तर तिची तात्पुरती सोय लावायची जबाबदारी अटक करणाऱ्याची. ट्रकच्या क्लीनरला 'जरा पुढे घे' म्हणू नका, बहुधा त्याच्याकडे लायसन्स नसते. ज्वलनशील मालाचा टँकर शोल्डरवर सोडायचा नाही. प्रवासी बस असेल तर दुसरा चालक येईपर्यंत प्रवाशांना गाडीतून उतरवून सुरक्षित जागी बसवा.

कागदांत दोनच गोष्टींकडे बारीक लक्ष द्या. मशीनच्या छापील स्लिपवर मशीनचा क्रमांक, चाचणी क्रमांक, तारीख-वेळ, चालकाचे नाव, गाडीचा क्रमांक आणि दोघांच्या सह्या हव्यात. मशीनचे घड्याळ दहा मिनिटे मागे असेल तर स्टेशन डायरीशी ताळमेळ बसत नाही, म्हणून ड्युटी सुरू होतानाच ते जुळवा. दुसरे, स्लिप थर्मल कागदावर असते. तारीख लागेपर्यंत ती कोरी पडते, त्यामुळे त्याच रात्री झेरॉक्स काढून मूळ प्रतीला जोडा.

चालकाच्या बाजूने: स्लिप वाचल्याशिवाय सही करू नका, एकक आणि वेळ पाहा, तोंडात अल्कोहोल राहण्याचे काही कारण असेल तर तिथेच सांगून दुसरी चाचणी मागा. कलम १८५ चा दंड रस्त्यावर भरता येत नाही. हा गुन्हा तडजोडीचा नाही, तो कोर्टातच जातो, त्यामुळे 'इथेच मिटवू' म्हणणारा कोणीही असो, ते बेकायदा आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये किंवा दोन्ही. लायसन्स जप्त होऊन आरटीओकडे जाते. तिथे तुमचे म्हणणे ऐकून पहिल्या वेळी तीन महिने अपात्रता आणि दुसऱ्या वेळी लायसन्स रद्द अशी तरतूद आहे. लायसन्स देताना पोचपावती घ्या. पण लायसन्स परत मिळेपर्यंत त्या पावतीवर गाडी चालवता येत नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसला तीच पावती खिशात घालून गाडी काढणारे बरेच असतात, आणि विनापरवाना वाहन चालवण्याची दुसरी केस तिथे लागते.